जपानी करी-भाताचे ताट आणि आपला पांढरा भात

"डॉक्टर, जपानी करी आपल्या तब्येतीला चालते का?" असा प्रश्न हल्ली उलव्यात विचारला जाऊ लागला आहे. दहा वर्षांपूर्वी तो कोणाच्या मनातही आला नसता. पण जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबई हाकेच्या अंतरावर आली. डिसेंबर २०२५ पासून शेजारच्या विमानतळावरून विमानेही उडू लागली. नोकरी करणारी तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी मुंबईच्या जपानी उपाहारगृहात जातात आणि पुढच्या वेळी मधुमेही वडिलांना किंवा रक्तदाबाच्या आईला न्यावे की नाही, असा विचार करतात. त्यांच्यासाठी आजचा लेख.

पदार्थ काय आहे?

जपानी जेवण म्हटले की पुष्कळांना कच्चा मासा आठवतो. पण जपानमधील सामान्य माणसाचे पोटभरीचे जेवण म्हणजे करी-भात. आपल्याकडे नाक्यावर मिसळीचे दुकान असावे, तशी तेथे करीची साधी दुकाने असतात. 'कोको इचिबान्या' या तेथील मोठ्या साखळीचे पहिले दुकान १९७८ साली नागोया शहराजवळ निघाले आणि भारतातील पहिले २०२० साली गुरुग्राम येथे उघडले. अशा दुकानात भात किती ग्रॅम हवा, तिखट कितव्या पायरीचे हवे आणि वर काय घालायचे, हे गिऱ्हाईकाने सांगायचे असते.

ताटात एका बाजूला आखूड दाण्याचा चिकट पांढरा भात आणि दुसऱ्या बाजूला दाट, तपकिरी रस्सा. हा दाटपणा आपल्यासारखा कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा नसतो. स्निग्ध पदार्थात मैदा परतून त्यात मसाल्याची पूड मिसळतात, त्याने रस्सा दाट होतो. त्यात बटाटा, गाजर, कांदा. चवीला तो थोडा गोडसर, कारण कित्येकदा सफरचंद किंवा मध घातलेला असतो. वर पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला डुकराच्या किंवा कोंबडीच्या मांसाचा तुकडा ठेवला की झाली 'कात्सु करी'.

करी जपानला कशी गेली?

करी मूळ आपल्या देशातली. इंग्रजांनी ती आपल्या पद्धतीने मैदा घालून दाट केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती जपानला पोहोचली. तिचा तेथील प्रसार वैद्यकशास्त्रातल्या एका मोठ्या प्रकरणाशी जोडलेला आहे.

त्या काळी जपानी आरमारात 'बेरीबेरी' नावाच्या रोगाने थैमान घातले होते. पायांना मुंग्या येत, पायातली शक्ती जाई, अंगावर सूज येई, धाप लागे आणि शेवटी हृदय बंद पडून धडधाकट तरुण मरत. १८८२-८३ च्या सफरीत 'र्‍युजो' या जहाजावरील १६९ जणांना हा रोग झाला आणि २५ जण दगावले. ताकाकी कानेहिरो हे आरमाराचे डॉक्टर लंडनमध्ये शिकून आले होते. खलाशी जवळजवळ नुसत्या पांढऱ्या भातावर जगतात आणि इंग्रज खलाशांना हा रोग होत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. १८८४ साली त्यांनी 'त्सुकुबा' हे दुसरे जहाज त्याच मार्गाने पाठविले, पण आहार बदलून. त्यात मांस, पाव, दूध, भाज्या यांचे प्रमाण वाढविले. या वेळी वीसपेक्षाही कमी जण आजारी पडले आणि मृत्यू एकही झाला नाही.

खलाशांना पाव आवडेना, म्हणून पुढे भातात जव मिसळून देऊ लागले. मांस, भाजी आणि पीठ एकाच पातेल्यात शिजवून भातावर वाढता येईल असा करीचा पदार्थ आरमाराला सोयीचा वाटला. १९०८ सालच्या आरमाराच्या पाकपुस्तकात त्याची कृती दिलेली आहे आणि आजही जपानी नौदलात दर शुक्रवारी करी-भात असतो. एकट्या करीने बेरीबेरी गेली असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. रोग गेला तो आहार मिश्र झाल्यामुळे.

याच काळात जपानी भूदलाचे वरिष्ठ डॉक्टर बेरीबेरी जंतूंमुळे होते, असे धरून बसले. १९०४-०५ च्या रशियाबरोबरच्या युद्धात सैनिकांना पांढरा तांदूळच मिळत राहिला आणि सुमारे २७ हजार सैनिक बेरीबेरीने गेले.

कारण कोंड्यात होते

ताकाकींचा उपाय बरोबर होता, पण कारण त्यांनाही नीट सापडले नव्हते. त्यांना ते प्रथिनांच्या कमतरतेत दिसले. जावा बेटावर आइकमान या डच डॉक्टरांनी सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना असाच आजार होतो आणि कोंडा दिला की तो बरा होतो, हे दाखवून दिले. पुढे १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कोंड्यातला हा घटक म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, अर्थात थायमिन. पिष्टमय अन्नापासून शक्ती तयार करण्यासाठी शरीराला ते लागतेच. त्यामुळे भात जितका जास्त, तितकी त्याची गरज जास्त. शरीरातला त्याचा साठा मात्र जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो.

आपल्याशी याचा संबंध काय?

आपला रायगड जिल्हा भात खाणारा. खाडीकाठच्या या पट्ट्यात एके काळी भातशेती होती आणि घरचा तांदूळ उखळात सडला जाई. त्या हातसडीच्या तांदळावर कोंड्याचा थर बराचसा राहत असे. कोकणात आणि गोव्यात पेजेसाठी उकडा तांदूळ वापरतात. भात तुसासकट उकडल्याने थायमिन दाण्याच्या आत मुरते आणि नंतर गिरणीत सडले तरी पुष्कळसे टिकते. भारतात बेरीबेरी मुख्यतः उत्तर आंध्रच्या किनारी भागात होती, कारण तेथे न उकडता सडलेला तांदूळ खाल्ला जाई. उकडा खाणाऱ्यांत ती फारशी दिसत नसे.

आता शेते गेली. विमानतळासाठी ज्या गावांना उठावे लागले, त्यांत मूळ उलवे गावही होते. आज गावठाणातले जुने कुटुंब आणि टॉवरमधले नवे कुटुंब, दोघेही दुकानातून चकचकीत पांढरा तांदूळ आणतात. तो चार-चार पाण्याने धुतात आणि वरचे पाणी फेकून देतात, म्हणजे उरलेसुरले जीवनसत्त्वही मोरीत जाते.

ज्यांच्या जेवणात डाळ, मासळी, भाजी, भाकरी आहे त्यांना घाबरण्याचे कारण नाही. काळजी वाटते ती दुसऱ्यांची. आपल्याकडे बांधकामांवर घर सोडून आलेले कितीतरी कामगार राहतात. भात, पातळ डाळ, लोणचे आणि रात्री दारू, असा काहींचा रोजचा क्रम असतो. दारूमुळे थायमिन आतड्यातून नीट शोषले जात नाही, त्यामुळे तूट दुप्पट होते. तळपायाला मुंग्या, जिना चढताना पाय लटपटणे, पायावर सूज, धाप ही लक्षणे असतील, तर 'थकवा आहे' म्हणून गप्प बसू नये. दारू पिणाऱ्याला अचानक झोक जाऊ लागला, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसू लागले किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर ती केवळ नशा समजू नका. ताबडतोब रुग्णालयात न्या आणि दारूचा इतिहास न लपवता सांगा. वेळेवर थायमिनचे इंजेक्शन मिळाले तर मेंदू वाचू शकतो.

मुंग्या येण्याचे कारण मधुमेह किंवा ब-१२ ची कमतरताही असू शकते. म्हणून दुकानातून स्वतःच्या मनाने गोळ्या न घेता तपासणी करून घ्यावी.

मग करी-भात खावा की नाही?

जरूर खावा, पण पुढील गोष्टी लक्षात ठेवून.

१. भात मोजून मागवा. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे १३० कॅलरी आणि २८ ग्रॅम कर्बोदके असतात. ३०० ग्रॅम भाताच्या ताटात एकट्या भाताचीच ८४ ग्रॅम कर्बोदके झाली. त्यावर मैदा, बटाटा आणि तळणाचे आवरण. मधुमेहींनी भात निम्मा सांगावा किंवा ताट दोघांत वाटून घ्यावे.

२. तळलेल्या तुकड्याऐवजी न तळलेली कोंबडी, अंडे, पालक किंवा इतर भाज्या घ्याव्यात. तळलेला तुकडा घातलेले ताट हजार कॅलरींच्या घरात सहज जाते.

३. रस्सा खारट असतो आणि सोबतचे लोणचेही. प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ खावे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी रस्सा थोडा घ्यावा आणि लोणचे टाळावे.

४. गहू न चालणाऱ्यांनी हा रस्सा घेऊ नये. शाकाहारी मंडळींनी रश्श्यात मांसाचा अर्क आहे का, हे आधी विचारावे. वरून मांस नाही म्हणजे रस्सा शाकाहारी, असे नव्हे.

५. चमच्याने खाताना हा मऊ पदार्थ न चावता भराभर पोटात जातो. सावकाश खावा.

महिन्यातून एखाद्या वेळच्या करी-भाताने कोणाची तब्येत बिघडत नाही. बिघडते ती रोजच्या ताटाने. तेव्हा या आठवड्यात एवढे करा. शक्य असेल तर उकडा किंवा कमी सडलेला तांदूळ आणा. एकदा-दोनदाच धुवा आणि पाणी आटवून शिजवा. ताटात भाताइतकीच जागा डाळ-उसळ, भाजी किंवा मासळीला द्या. मधल्या वेळी मूठभर शेंगदाणे खा. तांदूळ कोणताही असला तरी मधुमेहींनी प्रमाण सोडू नये, हे मात्र विसरू नका.