द्राक्षाचा आंबटपणा आणि आपला ऊस



बोदवड गटात फिरताना एक प्रश्न आम्हांस हमखास विचारला जातो. "साहेब, शेतात ब्रिक्स तर चांगलं दाखवलं, मग उतारा का घसरतो?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी जरा नाशिककडून वळसा घेऊ.

राज्य शासनाने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले आणि नाशिक, दिंडोरी भागात वाईनचे कारखाने वाढले. (आम्ही कोणाला प्यायला सांगत नाही, बरं का! रसायनापुरतेच बोलतो.) तिथली द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे आपला गळीत हंगाम चालू असतानाच खुडतात. मणी पिकू लागला की साखर चढते नि आंबटपणा उतरतो. त्यात मुख्य आम्ले दोन, टार्टारिक आणि मॅलिक. पैकी मॅलिक उष्णतेने लवकर जळते. त्यामुळे नुसत्या ब्रिक्सवर खुडणी ठरवली तर साखर भरपूर, पण वाईन मचूळ, असे होते. म्हणून तिथे आम्लही मोजतात.

मोजण्याची रीत अगदी साधी. दहा मिलिलिटर रस घ्यायचा, त्यात पाणी आणि फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब टाकायचे. मग ब्युरेटमधून दशांश नॉर्मल कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडायचा. फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचे. जितके मिलिलिटर लागले त्याला 0.75 ने गुणले की लिटरमागे टार्टारिक आम्लाचे ग्रॅम निघतात. नऊ मिलिलिटर लागले तर पावणेसात ग्रॅम. लाल रसात रंग कळत नाही, तेव्हा पीएच मीटरवर 8.2 पर्यंत जातात. वाईनमध्ये वायू अडकलेला असेल तर तो आधी घालवावा लागतो, नाहीतर आकडा फुगतो.

पीएच वेगळा पाहतात. तो जितका कमी तितका रस आंबट, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. वाईन टिकवायला गंधकाचा वायू वापरतात. पीएच 3.2 असताना त्याचा जेवढा जोर, तेवढाच 3.8 ला हवा असेल तर जवळजवळ चौपट वायू लागतो. आंबटपणा हा तिथे राखणदार आहे. मळीपासून अल्कोहोल करतानाही आंबवणाच्या द्रावणाला मुद्दाम आंबट करतात, ते याच कारणाने. नको ते जंतू दबतात.

उसाचे मात्र उलटे. ताज्या रसाचा पीएच साधारण 5 ते 5.5 असतो. ऊस तुटून पडला की कापलेल्या टोकातून जंतू शिरतात, आम्ल वाढते, पीएच खाली येतो. उसाच्या स्वतःच्या पाचकांनी आणि या आंबटपणाने साखर फुटून तिचे ग्लुकोज नि फ्रुक्टोज होते. त्याचा दाणा पडत नाही, ते मळीत जाते. शिवाय काही जंतू डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करतात. रस बुळबुळीत होतो, पाक शिजायला वेळ लागतो. चुना टाकून आंबटपणा मारता येतो, फुटलेली साखर काही परत जुळत नाही.

आता ब्रिक्सची गोम. तुटलेला ऊस उन्हात वाळला की पाणी उडते, त्यामुळे ब्रिक्स उलट वाढलेले दिसते! वजन घटलेले, शुद्धता घसरलेली, आणि मीटर म्हणतो सगळे छान. उसाची एफआरपी उताऱ्याशी बांधलेली असल्याने हा तोटा फक्त ज्याचा ऊस वाळला त्याचा राहत नाही, साऱ्या सभासदांच्या भावात शिरतो.

तेव्हा गाडी नक्की झाल्याशिवाय टोळीला फडात कोयता लावू देऊ नये. तोड ते गव्हाण चोवीस तासांत व्हावे. गाडी अडलीच तर मोळ्या सावलीत रचून वर पाचट टाकावे, पाणी शिंपडावे. जळालेल्या उसाची खबर त्याच दिवशी गट ऑफिसला द्यावी, तो फार लवकर बिघडतो.

ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी 4 ते 6 अंकांचा पीएच कागद आणावा. आज तोडलेल्या आणि तीन दिवस उन्हात पडलेल्या उसाचा रस वेगवेगळ्या वाटीत काढून दोन्हींत बुडवावा, नि रंग स्वतःच पाहावा.