गाठ आली नाही, म्हणून गाय निरोगी?

गाय विकत घेताना टीबीच्या चाचणीचा दाखला मागणारे पशुपालक वाढले, तर ते चांगलंच. मात्र ‘निगेटिव्ह’ शब्द वाचून निश्चिंत होणं धोक्याचं आहे. ही चाचणी गोठ्याबद्दल बरंच सांगते, एकट्या गाईबद्दल कमी.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ती कशी होते ते पाहा. मानेवर दोन ठिकाणचे केस भादरून कातडीची जाडी कॅलिपरने मोजतात. एका जागी पक्ष्यांच्या क्षयजंतूपासून केलेलं ट्युबरक्युलिन टोचतात, दुसऱ्या जागी गाईच्या क्षयजंतूपासून केलेलं. ७२ तासांनी पुन्हा मोजतात. गाईच्या ट्युबरक्युलिनची सूज दुसरीपेक्षा ४ मिलिमीटरहून जास्त भरली, की जनावर बाधित धरलं जातं.

यात जंतू कुठेच शोधलेला नाही. शरीराने त्याला ओळखलं का, एवढंच पाहिलंय. लागण होऊन तीनेक आठवडेच झाले असतील तर ती ओळख अजून तयार झालेली नसते. गाय नुकतीच व्यालेली असेल तर प्रतिसाद मंदावतो. आणि सर्वांत घातक प्रकार म्हणजे रोग इतका पसरतो की शरीर प्रतिसाद देणंच सोडतं. अशी रोडावलेली गाय भरपूर जंतू बाहेर टाकत असते, पण तिच्या मानेवर गाठ येत नाही. ब्रिटनमध्ये या चाचणीची पकड साधारण ८० टक्के धरतात, म्हणजे पाच बाधितांपैकी एक निसटते. काही अंदाज याहूनही कमी आहेत. म्हणून तिथे बाधित कळपाची चाचणी किमान ६० दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा होते. घाईने परत टोचलं, तर आधीच्या ट्युबरक्युलिनमुळे प्रतिसाद दबलेला असू शकतो.

उलटा गैरसमजही तितकाच पक्का आहे: ‘कापल्यावर आत काही सापडलं नाही, म्हणजे चाचणी खोटी.’ आपली गाय गमावलेल्या ब्रिटिश शेतकऱ्याचा हा संताप मला समजतो, पण निष्कर्ष चुकीचा आहे. सुरुवातीच्या गाठी बारीक असतात आणि कत्तलखान्यातली तपासणी डोळ्यांनी व सुरीने होते. जंतू वाढवून पाहायला अनेक आठवडे लागतात, तरी थोडे जंतू हाती लागतीलच असं नाही. तिथल्या आकडेवारीनुसार सुमारे ५,००० निरोगी जनावरांत एकच चुकून बाधित ठरतं.

मग रक्ताची चाचणी? ऑस्ट्रेलियात विकसित झालेली इंटरफेरॉन-गॅमा चाचणी लागण लवकर आणि जास्त प्रमाणात पकडते. पण ‘नवी म्हणून अचूक’ हे खरं नाही. १,००० निरोगी गाईंत ती तीस-चाळीस जणींना बाधित ठरवू शकते. शिवाय रक्तातल्या पेशी जिवंत असतानाच नमुना प्रयोगशाळेत पोचावा लागतो. म्हणून बाधित कळपात, कातडीच्या चाचणीच्या जोडीलाच ती वापरतात.

हे आकडे जसेच्या तसे आपल्या गोठ्यात आणता येत नाहीत. माती-पाण्यातले क्षयजंतूचे निरुपद्रवी भाऊबंद आणि जोन्स रोग यांमुळे प्रतिक्रियेत गोंधळ होतो. फक्त गाईचंच ट्युबरक्युलिन टोचलं, तर तो आणखी वाढतो. तरी आपल्याकडे हा रोग नगण्य नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने भारतातलं प्रमाण ७.३ टक्के, म्हणजे दोन कोटींहून अधिक बाधित गुरं, असा अंदाज मांडला. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू आहे, त्यामुळे ब्रिटनसारखं ‘तपासा आणि काढून टाका’ इथे चालत नाही. बाधित ठरलेल्या गाईला वेगळं कुठे बांधणार आणि तिची निगा कोण राखणार, हे चाचणीआधीच ठरवायला हवं.

गाय घेताना एका दाखल्यावर थांबू नका. त्या गोठ्यात पूर्वी कोणतं जनावर बाधित निघालं होतं का, ते विचारा. नवी गाय वेगळी बांधा आणि ६० दिवसांनी पुन्हा तपासून घ्या. दाखला कसाही असो, दूध निरसं पिऊ नका. एक चांगली उकळी आली की हा जंतू मरतो.