अवघड जागेचं दुखणं

गिअर, टायर, फ्रेम यावर तासन् तास गप्पा मारणारे सायकलस्वार एका विषयावर मात्र चिडीचूप असतात. तो विषय म्हणजे सीट! रोड बाइकवर वीकएन्ड घालवणाऱ्या तुमच्या-आमच्यासाठी चामड्याच्या सीटची ही गोष्ट. थोडी टोचणारी, पण शेवटी आराम देणारी.

शिरवळच्या अलीकडे, पुणे-सातारा रस्त्यावर, दीडशेव्या किलोमीटरला मी सायकलवरून उतरले आणि परत चढलेच नाही. पाय शाबूत होते. दम होता. पाण्याच्या दोन्ही बाटल्या भरलेल्या होत्या. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी साडेतेरा तास मिळतात आणि माझ्या हातात अजून चांगला वेळ होता. पण कमरेखालचा एक विशिष्ट भाग आधी पेटला होता आणि मग चक्क बधिर झाला होता. ढाब्यावरच्या मुलाने खुर्ची पुढे केली. मी म्हटलं, ‘नको, उभीच बरी आहे.’ टेम्पोत सायकल टाकली आणि पुण्याला आले.

ग्रुपमध्ये सांगितलं, ‘गुडघा दुखत होता.’

खरं कारण सांगायची लाज वाटली. मराठीत म्हणच आहे ना, अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर! आठवडाभर खुर्चीवर उशी घेऊन ऑफिसची कामं केली. आई म्हणाली, ‘सोड ती सायकल.’ आणि खरं सांगू? मी सोडणारच होते. हौसेने घेतलेली रोड बाइक ओएलएक्सवर टाकायला तिचे फोटोही काढून झाले होते.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीसमोर तोंड उघडलं. तिने पहिला प्रश्न विचारला, ‘सीट कुठली आहे?’ मी म्हटलं, ‘सायकलबरोबर आलेली. वर जेलचं कव्हर घातलंय.’ तिने कपाळावर हात मारला.

खोगीरभरती

आपल्याला वाटतं, मऊ म्हणजे आरामदायी. सोफ्यावर दहा मिनिटं बसायचं असेल तर ते बरोबरही आहे. पण सायकलवर पाच तास बसताना गणित उलटं होतं.

आपल्या बैठकीत दोन हाडं असतात. कडक पायरीवर बसून थोडं डावी-उजवीकडे डुललात तर ती चक्क टोचतात. देवाने वजन पेलायची सोय तिथे केली आहे. सीटवर जाड, मऊ जेल असलं की ही दोन हाडं त्यात रुततात आणि मधला फुगलेला भाग वर येऊन नको तिथे दाबतो. तिथे नसा आहेत, रक्तवाहिन्या आहेत. त्या दबल्या की मुंग्या येतात, मग बधिरपणा. म्हणजे मऊपणासाठी मी जी भरती केली होती, तीच माझ्या मुळावर आली होती. अक्षरशः खोगीरभरती!

आणि एक गोष्ट मैत्रिणीने दोनदा बजावली. दुखणं आणि बधिरपणा यांत फरक आहे. नव्या सायकलवर हाडांपाशी थोडं दुखणारच, ते सवयीने जातं. पण बधिर होणं हे ‘चालायचंच’ नाही. मुलगा असो की मुलगी, बधिर वाटलं की उतरायचं, सीट तपासायची. उतरूनही ते गेलं नाही तर डॉक्टरकडे जायचं. गुडघ्याचं नाव पुढे करायचं नाही!

घोडा मेला म्हणून...

चामड्याच्या सीटचं नाव निघालं की सायकलवेड्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते ब्रूक्सचं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला जॉन बोल्टबी ब्रूक्स या गृहस्थाने १८६६ साली घोड्यांचा साज बनवायचा धंदा सुरू केला. कंपनी सांगते ती गोष्ट अशी, की त्याचा घोडा मेला, म्हणून कामावर जायला त्याने सायकल उसनी घेतली. तिची सीट इतकी छळवादी होती की स्वतःच नवी बनवायची त्याने ठरवलं. सीटचं पहिलं पेटंट १८८२ चं. त्यांचं बी-१७ हे मॉडेल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजपर्यंत बनतंय. २००२ पासून कंपनीची मालकी इटलीच्या सेले रॉयलकडे आहे. एकटी ब्रूक्सच आहे असंही नाही. फ्रान्सच्या जिल बर्टूची सीट स्क्रूवर बसवलेली असते, त्यामुळे चामडं बदलता येतं. अमेरिकेच्या सेले अ‍ॅनाटॉमिकाच्या सीटला मधोमध लांब खाच असते.

या सीटमध्ये फोम नसतो, जेल नसतं. मागे एक धातूची पट्टी, पुढे नाक, आणि दोघांच्या मध्ये जाड चामडं झोळीसारखं ताणून रिव्हेटने ठोकलेलं. बस्स! नवी असताना ती पाटासारखी कडक लागते. पण तुमचं वजन, घाम आणि ऊब यांनी हळूहळू चामडं नेमकं तुमच्या दोन हाडांखाली दबतं. सीट तुमच्या मापाची होते. सीटलाच तुम्ही घडवता म्हणा ना.

हे ऐकून बाबा हसले. पिंपरीच्या कारखान्यात ते काळ्या सायकलवर जायचे, स्प्रिंगवाल्या चामड्याच्या सीटवर. ‘नव्या वहाणेसारखं असतं ते,’ म्हणाले. ‘आधी चावते. मग अशी बसते की दुसऱ्याच्या पायात जात नाही.’

माझी पहिली चूक

पण ऐकेल ती मी कसली! नवी चामड्याची सीट म्हणजे एखाद्या साध्या सायकलीएवढी किंमत. फ्रीलान्स पत्रकाराचं बजेट तुम्हाला माहीत आहेच. म्हणून मी सेकंडहॅन्ड उचलली. दिसायला झकास, रंग मधासारखा, रुंदी पंधरा सेंटिमीटर. म्हटलं, आयती मऊ झालेली मिळाली, आपले कष्ट वाचले.

खडकवासल्यापर्यंत गेले आणि कळलं की ही सीट दुसऱ्याची आहे. खळगे होते, पण माझ्या हाडांच्या जागी नव्हते. वर माझी हाडं मागच्या धातूच्या पट्टीच्या कडेवर आदळत होती. बाबांनी ‘मी सांगितलं होतं’ असं म्हटलं नाही, फक्त बघितलं. ते जास्त लागलं.

पुठ्ठा घ्या, जिन्यात बसा

तर मुद्दा मापाचा. बूट घेताना आपण नंबर सांगतो, सीट घेताना रंग सांगतो! माप घरच्या घरी काढता येतं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक पायरीवर ठेवा. पातळ कपड्यांत त्यावर बसा, थोडं पुढे वाका, टाचा उचला म्हणजे वजन नीट बसण्यावर येईल. अर्ध्या मिनिटाने उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले दिसतील. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. हे तुमचं माप.

माझं आलं तेरा सेंटिमीटर. या मापात साधारण दोन-अडीच सेंटिमीटर मिळवायचे, म्हणजे सीटची रुंदी मिळते. पण चामड्याच्या सीटची एक गोम आहे. छापलेली रुंदी धातूच्या पट्टीसकट असते, आणि बसायचं तर चामड्यावर आहे, पट्टीवर नाही. म्हणून इथे हात थोडा सैल सोडावा लागतो. माझी पंधराची सीट का टोचली ते आत्ता कळलं.

दुसरी गोष्ट बसण्याची पद्धत. तुम्ही हॅन्डलवर पार ओणवे होऊन शर्यतवाल्यांसारखे चालवता का? मग अरुंद सीट चालते, कारण वाकलं की वजन हाडांच्या पुढच्या, जवळजवळ असलेल्या भागावर येतं. हॅन्डल सीटच्या बरोबरीला आणि पाठ बऱ्यापैकी सरळ असेल तर रुंद हवी. म्हणूनच ब्रूक्सची स्विफ्ट शर्यतवाल्यांना आवडते आणि साधारण सतरा सेंटिमीटरची बी-१७ लांब पल्ल्याच्या आरामात जाणाऱ्यांना. बायकांचं माप सरासरीने थोडं जास्त असतं, पण सरासरीवर जाऊ नका. पुठ्ठ्यावर जा!

मी बी-१७ घेतली, मध्ये खाच असलेली. वाकल्यावर पुढच्या भागावर दाब येण्याचा त्रास ज्यांना आहे, त्यांनी खाचेचा विचार जरूर करावा.

पाना हातात घ्या

बरोबर सीट चुकीची बसवली तर पैसे पाण्यात. आधी उंची. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्याला थोडासा बाक येतो. सीट जास्त उंच असेल तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे झुलते, आणि त्या घासण्यातूनच पुरळ आणि फोड येतात.

मग तिरकेपणा. नाक दुखतं म्हणून सगळे ते खाली करतात. मीही केलं होतं. मग घसरगुंडी सुरू होते, सगळा भार मनगटांवर येतो आणि आपण सारखे मागे सरकत राहतो. चामड्याची सीट झोळीसारखी असल्याने तिचं नाक किंचित वर ठेवलेलं बऱ्याच जणांना मानवतं. पण किंचित म्हणजे किंचितच.

आणखी एक. या सीटखालच्या दांड्या, म्हणजे रेल्स, आखूड असतात. हवी तेवढी मागे सरकत नाही म्हणून मागे झुकलेला सीटपोस्ट घ्यावा लागू शकतो. दुकानातच बसवून बघा.

चारशे किलोमीटरचा संसार

पहिले दोनशे किलोमीटर मी रोज स्वतःला शिव्या दिल्या. सिंहगड पायथा, कात्रज, परत सिंहगड. एकदम लांब न जाता तास-दीड तासाच्या फेऱ्या मारल्या. मध्येच एकदा खोबरेलाची बाटली घेऊन सीटपाशी गेले, कारण बाबा त्यांच्या सीटला तेच लावायचे. नशीब, आधी माहिती काढली! तेलाने चामडं पटकन मऊ पडतं आणि मग लोंबतं. त्यासाठी खास मेणासारखं मलम मिळतं, ते पातळ हाताने लावायचं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘म्हणूनच माझी झोळी झाली होती होय!’

चारशेच्या आसपास एका सकाळी लक्षात आलं, की गेला तासभर मी सीटचा विचारच केला नव्हता. चांगल्या सीटची हीच खूण. ती आठवत नाही.

घेण्याआधी तोटेही ऐका. वजन अर्ध्या किलोच्या घरात, म्हणजे रेसिंग सीटच्या दुप्पट. तुम्ही शर्यतीत सेकंद मोजत असाल तर ही तुमच्यासाठी नाही. नव्या सीटचा रंग फिक्या शॉर्ट्सला लागतो. आणि हे गुराचं चामडं आहे. ब्रूक्सच्या मलमातही जनावराची चरबी असते. ज्यांना ते घरात नको असेल त्यांच्यासाठी ब्रूक्सचीच कॅम्बियम आहे, रबर आणि कापडाची. तिला पावसाचंही भय नाही आणि ‘संसार’ही मांडावा लागत नाही. नाहीतर हाडांच्या मापाची, मध्ये खाच असलेली साधी कडक फोमची सीटही अनेकांना पुरते. चामडं हा एक मार्ग आहे, धर्म नव्हे.

पुढच्या हिवाळ्यात त्याच रस्त्यावर परत दोनशेची ब्रेव्हे लावली. शिरवळला चहासाठी थांबले. या वेळी खुर्चीवर बसले. बारा तास चाळीस मिनिटांत पुण्यात परत! रात्री बाबा पार्किंगमध्ये आले, सीटवरच्या दोन खळग्यांवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘झाली तुझी.’

आणि हो, ग्रुपवर या वेळी खरं सांगितलं. गुडघ्याला काहीच झालं नव्हतं म्हणून. दोन दिवसांत चार मुलींचे आणि तीन मुलांचे खासगी मेसेज आले. सगळ्यांचा प्रश्न एकच, ‘पुठ्ठा कुठला वापरलास?’

चौकट : पावसाळा आणि चामडं

- ओल्या चामड्यावर बसलं की ते ताणलं जातं. पाऊस दिसला की सीटवर कव्हर चढवा. हॉटेलातली शॉवर कॅपही झकास चालते.
- पाणी खालूनही उडतं. मागचं मडगार्ड हवंच.
- भिजलीच तर सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच.
- ओली सीट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, बुरशी येते. आलीच तर कोरड्या फडक्याने पुसून हवेशीर ठेवा.
- नाकाखालचा ताण देणारा बोल्ट उगाच फिरवू नका. सीट खरोखर लोंबली तरच, तोही थोडा थोडा.
- पॅडवाल्या सायकलिंग शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. शिवणी टोचतात. घरी आल्यावर शॉर्ट्स लगेच बदला.
- दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडा वेळ पेडलवर उभं राहा. सीट कितीही लाडकी असली तरी रक्ताला वाट द्यावीच लागते!