हर्पिस : लागण आणि लक्षणे यांमधील काळ

हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचे दोन प्रकार असून पहिला मुख्यतः ओठांवर, तर दुसरा मुख्यतः जननेंद्रियांवर फोड आणतो. मात्र मुखमैथुनातून पहिलाही जननेंद्रियांपर्यंत पोहोचतो. लागणीपासून लक्षणे दिसेपर्यंतचा, म्हणजेच अधिशयनाचा, काळ साधारणतः 2 ते 12 दिवसांचा असतो. आधी त्वचेची चुणचुण व आग होते, मग लालसर जागेवर पाणीदार बारीक फोडांचा पुंजका उठतो, ते फुटून दुखऱ्या जखमा होतात, आणि पहिल्या खेपेस ताप, लघवीची जळजळ व जांघेत अवधाणही येते. अनेकांना काहीच जाणवत नाही. विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो आणि पहिला लक्षात येणारा फोड कित्येक वर्षांनीही उठू शकतो, म्हणून तेवढ्यावरून जोडीदारावर बदफैलीचा ठपका ठेवणे हा घोर अन्याय होय. संसर्ग त्वचेच्या थेट संपर्कातून, फोड नसतानाही, होतो. कंडोमने धोका घटतो, संपत नाही.

हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यासारख्या गावात अंगावर फोडांचा पट्टा उठला की नागीण म्हणून गेरूचा लेप दिला जातो. परंतु नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते, ती हर्पिस सिम्प्लेक्सहून वेगळी आहे, आणि लेपाने दोन्ही बरे होत नाहीत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या सुरक्षा क्लिनिकांत जननेंद्रियांवरील अशा फोडांसाठी असायक्लोव्हिरच्या गोळ्यांचा लाल रंगाचा संच ठरलेला आहे. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत झालेली नवी लागण प्रसूतीवेळी बाळाच्या जिवावर बेतू शकते, त्यामुळे गरोदर स्त्रीने फोडांची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.