पिशवी, मायक्रॉन आणि मामांचं दुकान

(या भागाचं शब्दांकन. बोललो तसंच ठेवलंय बरंचसं. हिशेब ऐकताना निसटला असं काहींनी कळवलं, म्हणून तेवढा इथे सावकाश मांडलाय.)

आजचा विषय प्लॅस्टिकची पिशवी. हो, तीच. बंदी असावी की नसावी यावर आपल्याकडे इतकं बोलून झालंय की तुम्ही म्हणाल, आता नवीन काय? मलाही तसंच वाटायचं. पण माझ्या मामांचं तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे, आणि २०१८ च्या बंदीनंतर काही महिन्यांनी त्यांच्याकडे तपासणी झाली. गल्ल्याखाली डाळ-साखर भरायच्या पिशव्यांचा गठ्ठा होता. आलेल्या साहेबांनी त्यातली एक दोन बोटांत चोळली, "पातळ आहे" म्हणाले आणि ५,००० रुपयांची पावती फाडली. मामा मला फोनवर म्हणाले, "अरे, तू इंजिनियर ना? मग सांग, तो मायक्रॉन काय बोटाला कळतो का?"

त्या एका प्रश्नावर हा सगळा भाग उभा आहे.

आधी मायक्रॉन म्हणजे काय ते बघू. मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. अकरावीच्या प्रॅक्टिकलमधला स्क्रू गेज आठवतोय? त्याचं लघुतम माप ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन. मग ४५ आणि ५० मधला फरक तो साधा गेजसुद्धा धड सांगू शकत नाही. बोटाचं काय घेऊन बसलात! (एक युक्ती आहे. पिशवी घडी घालून दहा पदर करायचे, मोजायचं आणि दहाने भागायचं. पण गिऱ्हाईक उभं असताना हे कोण करणार?)

आता कायदा. महाराष्ट्राची प्लॅस्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना निघाली २३ मार्च २०१८ ला. मालाची विल्हेवाट लावायला तीन महिने दिले आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडलात तर ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. सामान न्यायची पिशवी पूर्ण बंद, बंद असो की बिनबंदाची, जाड असो की पातळ. इथपर्यंत सरळ आहे. मायक्रॉनचा प्रश्नच नाही.

पण आठवडाभरातच किराणावाल्यांनी ओरड केली की सुटी साखर, डाळ, पोहे द्यायचे कशात? कागदाच्या पुडीत पावसाळ्यात साखरेचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी सवलत जाहीर केली. माल भरायला ५० मायक्रॉनपेक्षा जाड प्लॅस्टिक चालेल, काही अटींवर. म्हणजे झालं काय, तर साखर भरायची पिशवी कायदेशीर आणि तीच साखर घरी न्यायची पिशवी बेकायदेशीर. दोन्ही एकाच गल्ल्यावर, एकाच रंगाच्या. मामा नेमके या फटीत सापडले.

हा मायक्रॉन आला कुठून? त्यासाठी थोडं मागे जाऊ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. गटारं तुंबवण्यात पिशव्यांचा हात होताच. पण मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, मिठी नदी दोन्ही बाजूंनी दाबलेली होती आणि वर भरतीची वेळ. पिशवी एकटी दोषी नव्हती, पण हातात धरून दाखवता येण्यासारखी तीच होती. त्यानंतर राज्याने ५० मायक्रॉनखालच्या पिशव्यांवर बंदी घातली. केंद्राची मर्यादा वेगळीच चाललेली. १९९९ मध्ये २०, २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, मग ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला म्हणतो, बग तोच, फक्त आवृत्ती नवीन.

जाडी वाढवायची कशाला, हा प्रश्न पडला असेल. वेडेपणा नाहीये त्यात. हिशेब करून बघू.

एक मध्यम पिशवी घ्या, ३० बाय ४० सेंटिमीटरची. दोन बाजू मिळून २,४०० चौरस सेंटिमीटर. या प्लॅस्टिकची घनता धरू ०.९५. जाडी २० मायक्रॉन असेल तर वजन भरतं साधारण साडेचार ग्रॅम. ५० ला साडेअकरा. १२० ला सत्तावीस-अठ्ठावीस.

आता कचरा वेचणाऱ्या बाईच्या जागी उभे राहा. भंगारवाला तिला किलोवर पैसे देतो. २० मायक्रॉनच्या पिशव्यांचा एक किलो व्हायला तिला जवळजवळ २२० वेळा वाकावं लागतं, आणि त्यातल्या निम्म्या खरकट्याने बरबटलेल्या. १२० च्या असतील तर ३७ वेळा. म्हणून ती दुधाची पिशवी उचलते आणि कोथिंबिरीची तिथेच सोडते. आळस नाही तो, तिचा दिवसाचा हिशेब आहे. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेतल्या कचरावेचक घरोघरचा कचरा गोळा करतात. ओला-सुका वेगळा मिळाला की विकण्याजोगं सगळं निघतं, पण पातळ पिशवीला मोलच नसेल तर ती निघून जाणार कुठे? जाडी वाढवली की पिशवी भंगारात परत येते आणि महाग झाल्यामुळे दुकानदार फुकट द्यायला कचरतो. कल्पना अशी आहे.

पण याची दुसरी बाजू त्याच हिशेबात आहे. १२० ची पिशवी जर २० वाल्यासारखीच एकदा वापरून फेकली, तर आपण सहापट प्लॅस्टिक फेकलं. कॅलिफोर्नियात नेमकं हेच झालं. पातळ पिशव्या बंद केल्या आणि साधारण ५७ मायक्रॉनच्या 'पुन्हा वापरायच्या' जाड पिशव्या पैसे घेऊन द्यायची मुभा ठेवली. लोकांनी त्या एकदाच वापरल्या. शेवटी २०२४ मध्ये त्या जाड पिशव्याही बंद करणारा नवा कायदा करावा लागला.

मग कापडी पिशवी? इथे कुणीतरी हमखास डेन्मार्कचा अहवाल काढतो. २०१८ चा आहे, तिथल्या पर्यावरण खात्याचा. साधी सुती पिशवी हवामानाच्या हिशेबाने ५२ वेळा वापरावी लागते, आणि पाणी, ओझोन वगैरे सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. ऐकून घाबरायला होतं. पण ही गणना नवीन कापूस पिकवून, नवीन कापड विणून शिवलेल्या पिशवीची आहे. माझी आजी जुन्या साडीच्या पिशव्या शिवायची. त्या साडीचा हिशेब साडी म्हणून केव्हाच चुकता झालेला. शिवाय डेन्मार्कच्या अहवालाचा भर गटारं तुंबण्यावर किंवा गाईच्या पोटावर नव्हताच, कारण तिथे पिशवी बहुतेक कचऱ्याच्या डब्यात जाते. आपल्याकडे ती जाते ओढ्यात. आणि हो, लग्नात वाटतात त्या कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन असतात. एक धागा काडीपेटीजवळ धरा. वितळून गोळी झाली तर प्लॅस्टिक.

आयर्लंडने तिसरा रस्ता घेतला. २००२ मध्ये बंदी न घालता प्रत्येक पिशवीवर १५ सेंट आकार लावला, गिऱ्हाइकाकडून. माणशी वर्षाला ३२८ पिशव्या होत्या, त्या २१ वर आल्या. ऐकायला झकास. पण तो पैसा जमा होतो दुकानाच्या बिलातून. आपल्याकडे मंडईत वाटा लावून बसलेल्या मावशी बिल कुठून फाडणार?

म्हणून माझं मत सांगतो, पटलं नाही तर कळवा. बंदी चूक नाही. पिशवी फुकट मिळते तोवर ती थांबणार नाही, हेही मान्य. चूक आहे ती कुठे पकडायचं यात. पातळ पिशवी मामा बनवत नाहीत. ती कुठल्यातरी मशिनवर रोलने निघते, टेम्पोने येते, होलसेलवाल्याकडे उतरते. २०१८ मध्ये ५० मायक्रॉनवरची पिशवी केंद्राच्या नियमाने चालत होती, त्यामुळे सीमेपलीकडून माल येणारच होता. कारखान्यांवर, गोदामांवर धाडी पडल्या नाहीत असं नाही. पण मशिनवर मायक्रॉन मोजणं सोपं आहे, गल्ल्यावर जवळजवळ अशक्य, आणि दंडाची पायरी मात्र दोघांना एकच. पाच हजार.

मामांनी तो आकडा मला त्यांच्या भाषेत सांगितला होता. "साखरेत किलोमागे दोन रुपये सुटतात. पाच हजार म्हणजे अडीच टन साखर विकली, आणि हातात काही नाही." मंडईतल्या मावशींचा अख्खा महिना जात असेल त्यात.

सध्या दुकानात काय चालू आहे, तर माल भरायला मामा छापील जाड पिशव्याच घेतात, आणि खरेदीची पावती पिनेने गठ्ठ्यालाच लावून ठेवतात. कुणी बोटांनी चोळायला लागलं की आधी पावती पुढे करतात. न्यायच्या पिशवीसाठी दाराशी खिळ्याला मामीने शिवलेल्या पिशव्या टांगल्यात. दहा रुपये ठेवायचे, पिशवी परत आणली की दहा रुपये परत. मी विचारलं, येतात का परत? म्हणाले, "निम्म्या येतात. उरलेल्या निम्म्या घेऊन लोक समोरच्या दुकानात जातात."