घाटात थरथरणारे घड्याळ

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या गाडीत अचूक क्वार्ट्झ ऑसिलेटर ठेवला आहे, असे समजा. सेकंदाला १ कोटी कंपने, म्हणजे १० मेगाहर्ट्झ. वर गेल्यावर गुरुत्वाकर्षण किंचित घटते. पण त्याने पडणारा फरक अब्जांशाचा हजारावा भागही नसतो. खरा त्रास गाडीच्या कलण्याचा आणि हादऱ्यांचा.

स्फटिकाची चकती कडेला धरलेली असते. गाडी कलली की तिचे स्वतःचेच वजन वेगळ्या दिशेने ओढते, चकतीत ताण येतो आणि वारंवारता सरकते. चांगल्या ऑसिलेटरमध्ये १ जी, म्हणजे गुरुत्वाइतक्या, त्वरणाला हा बदल साधारण १ अब्जांश असतो. नुसता उलटा केला तरी २ जींचा फरक पडतो, म्हणून प्रयोगशाळेत त्याला तिन्ही अक्षांवर पालथा घालून तपासतात. ताण सोसणारा ‘एससी’ काप आणि स्थिर तापमानाची पेटी यांनी बरेच साधते, पण पकड थोडीही असमान असली की दोष उरतोच.

इतक्या सूक्ष्म दोषाची पर्वा का करायची? रडारमध्ये हीच कंपने हजारपट करून १० गिगाहर्ट्झपर्यंत नेतात. दोषही तेवढाच वाढतो. ताशी साडेपाच किलोमीटरने चालत येणाऱ्या माणसाचा प्रतिध्वनी या वारंवारतेवर सुमारे १०० हर्ट्झने सरकतो. इंजिनाचा थरकाप नेमका १०० हर्ट्झचा असेल, तर स्थिर टेकडीच्या प्रतिध्वनीतही चालता माणूस भासेल आणि खरा माणूस त्याखाली झाकला जाईल.

रबरी किंवा तारदोरीच्या गाद्या वेगवान थरथर अडवतात. संथ झुलणे मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. त्यासाठी गादी फार मऊ लागते: ५ हर्ट्झ स्वतःची वारंवारता असलेली साधी गादी वजनाने १ सेंटिमीटर दबते, १ हर्ट्झची २५ सेंटिमीटर. शिवाय स्वतःच्या वारंवारतेला गादी हादरा उलट वाढवते. म्हणून विरुद्ध दिशेने बसवलेले दोन स्फटिक वापरतात किंवा त्वरणमापकाचे वाचन घेऊन विद्युत दुरुस्ती करतात.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिथे मध्यवर्ती इमारतीतला संदर्भ-संकेत ऑप्टिकल फायबरने प्रत्येक अँटेनापर्यंत जातो. चालत्या यंत्राला अशी निवांत खोली मिळत नाही. म्हणून अशा यंत्रासाठी ऑसिलेटर घेताना स्थिर टेबलावरच्या अचूकतेच्या आकड्यावर थांबू नये. तिन्ही अक्षांवरची त्वरण-संवेदनशीलता मागावी आणि तो ज्या बैठकीवर बसणार, त्या बैठकीसकट हादरा-टेबलावर तपासावा. बैठक हाही घड्याळाचाच भाग आहे.