चंबूतले तापमान आणि चंबूबाहेरचे

ब्युटिल-लिथियमासारखे द्रव्य, जे हवेतील प्राणवायूच्या व ओलाव्याच्या स्पर्शाने तत्काळ बिघडते आणि प्रसंगी पेटही घेते, ते हाताळावयाचे झाल्यास चंबूतील हवा पंपाने उपसून तिच्या जागी नायट्रोजन अथवा आर्गॉन भरावा लागतो आणि हवेला पुनःप्रवेशाचा सक्त मज्जाव करावा लागतो. ज्या विल्हेल्म श्लेंकने योहाना होल्ट्झ हिच्यासह 1917 मध्ये लिथियमाची साधी सेंद्रिय संयुगे प्रसिद्ध केली, त्याच जर्मन रसायनज्ञाच्या नावाने या बंदोबस्ताची काचसामग्री आजही ओळखली जाते.

अशा द्रव्यांच्या अभिक्रिया बहुधा कडक थंडीतच करतात. शुष्क बर्फ ॲसिटोनमध्ये टाकून केलेल्या शीतस्नानात चंबू बुडवतात आणि कृतीत ‘उणे 78 अंश सेल्सिअस’ असे निःशंकपणे लिहून मोकळे होतात. परंतु हा आकडा स्नानाचा असतो, आतल्या द्रवाचा नव्हे, आणि त्यावर विसंबणे म्हणजे चुलीतला जाळ पाहून भात शिजला असे मानण्याजोगे आहे. अभिकारक थेंबाथेंबाने पडू लागताच आत उष्णता उत्पन्न होते, काचेतून ती बाहेर पडण्यास अवधी लागतो, ढवळणी मंद असल्यास तो अधिकच वाढतो, आणि तेवढ्यात आतले तापमान कितीतरी अंशांनी चढून नको असलेल्या उपअभिक्रियांना वाट मोकळी होते.

तेव्हा मापक द्रवातच बुडाला पाहिजे. अडचण ही की, त्यासाठी ठेवलेले प्रत्येक छिद्र हवेलाही वाट देऊ शकते. पाऱ्याचा तापमापक येथे निरुपयोगी, कारण पारा उणे 39 अंशांच्या सुमारासच गोठतो. बाहेरून रोखलेले अवरक्त यंत्र काचेचे, किंबहुना तिच्यावर साचलेल्या हिमाचे तापमान सांगते. म्हणून भौतिकशास्त्रज्ञ झेबेकच्या 1821 मधील शोधावर आधारलेले थर्मोकपल वापरतात: दोन भिन्न धातूंच्या तारांचा हा सांधा टेफ्लॉनचे वेष्टण देऊन रबरी बुचातून घट्ट आत सरकवला म्हणजे द्रवाचा चढउतार जवळपास तत्क्षणी कळतो. द्रवाला धातूचा संसर्गच नको असल्यास बंद बुडाची काचनळी आत सोडून तिच्यात हा सांधा ठेवतात. मग गळतीची धास्ती कमी होते, पण आकडा थोडा मागाहून येतो, सबब नळीत किंचित द्रव घालून उष्णतेचा मार्ग सुकर करावा लागतो.

माझ्या मते प्रयोगवहीत स्नानाचे व द्रवाचे तापमान दोन स्वतंत्र रकान्यांत नोंदवणे सक्तीचे असावे, आणि एकच आकडा देणारी कृती पुन्हा करू पाहणाऱ्याने तो कशाचा, याची आधी खातरजमा करावी.